बिनतारी टप्पा आणि त्याची चंदी

इतिहासग्रंथांत लढाया जिंकणाऱ्यांचीं नांवें असतात. त्या लढायांतील घोड्यांना चंदी कोणीं पुरविली, हें बहुधा कोठेंच सांपडत नाहीं. राजकीय इतिहासाची ही खोड यंत्रांच्या इतिहासालाही जडलेली आहे. बिनतारी संदेशवहनाचा विषय निघाला कीं मार्कोनीचें नांव शाळकरी मुलाच्याही तोंडीं येतें; पण त्या यंत्रांना वीज कोठून मिळाली, आणि तीं बिघडल्यावर पुन्हां बोलतीं कोणीं केलीं, हें कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही या उपेक्षित बाजूकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. विषय वरवर पाहतां रुक्ष आहे: अमेरिकेंत गेल्या शतकांत तयार झालेलीं, दुतर्फा संभाषण दूरवर पोंचविणारीं 'रिपीटर' नांवाचीं यंत्रें, त्यांची दुरुस्ती आणि त्यांचा वीजपुरवठा. परंतु या रुक्ष विषयाच्या पोटीं असा एक प्रश्न आहे कीं, जो वादळाच्या रात्रीं हजारों कुटुंबांच्या जिवाशीं येऊन भिडतो.

प्रथम रिपीटर म्हणजे काय, हें सांगितलें पाहिजे. आगगाड्या येण्यापूर्वीं डाक टप्प्याटप्प्यानें जात असे. थकलेला घोडा टप्प्यावर सोडावयाचा, ताज्या घोड्यावर थैली टाकावयाची आणि पुढें निघावयाचें, असा तो क्रम. तारायंत्रालाही हीच युक्ति योजावी लागली. लांबच लांब तारेंतून जातां जातां विजेचा प्रवाह क्षीण होई. म्हणून वाटेंतील ठाण्यांत त्या क्षीण प्रवाहाकडून एक लोहचुंबक चाळवून घ्यावयाचा, आणि त्या चुंबकाच्या योगानें ताज्या बॅटरीचा जोमदार प्रवाह पुढच्या तारेंत सोडावयाचा. निरोप तोच, घोडा नवा. २५ जानेवारी १९१५ रोजीं न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को या शहरांमधील टेलिफोन समारंभपूर्वक सुरू झाला, तेव्हां सुमारें साडेपांच हजार किलोमीटरांच्या त्या वाटेवर मनुष्याचा आवाज तगविला तो व्हॉल्व्हच्या रिपीटरांनीं.

बिनतारी रिपीटर हा याच घराण्यांतला. पोलीस, अग्निशामक दल किंवा टॅक्सीवाले यांच्या यंत्रांतून निघणाऱ्या लघुलहरी जवळजवळ प्रकाशाप्रमाणें सरळ रेषेंत जातात. मध्यें टेकडी आली कीं बोलणें खुंटतें. म्हणून एखाद्या उंच माथ्यावर एक यंत्र ठेवावयाचें. सभोंवारच्या सपाटीहून ९०० मीटर उंच असलेल्या माथ्याचें बिनतारी क्षितिज सुमारें १२० किलोमीटर दूर असतें. हें यंत्र खालून आलेला क्षीण आवाज ऐकतें आणि त्याच क्षणीं तो पन्नास-शंभर वॅटच्या जोरानें पुन्हां उच्चारतें. अडचण एवढीच कीं, स्वतःच्या ओरडण्यानें स्वतःचेच कान बधिर होऊं नयेत. म्हणून ऐकावयाची लहर निराळी आणि बोलावयाची निराळी. हौशी मंडळींच्या एका प्रसिद्ध अमेरिकन जोडींत ऐकणें १४६.३४ मेगॅहर्ट्झवर, तर बोलणें १४६.९४ वर चाले. इतक्या जवळच्या दोन लहरी एकमेकींपासून अलग ठेवण्यासाठीं तांब्यापितळेचीं दीड हात उंचीचीं नळकांडीं ओळीनें बसवितात. हीं नळकांडीं पाहून एखाद्याला हलवायाच्या दुकानाची आठवण व्हावी. पण त्यांची लांबी केंसभर बदलली, तरी सारें यंत्र बहिरें होतें.

आतां चंदीकडे वळूं. व्हॉल्व्हला दुहेरी आहार लागे: तंतु तापविण्यासाठीं थोड्या दाबाची वीज, आणि प्रत्यक्ष कामासाठीं दोनशे-तीनशे व्होल्टची. मोटारींतील बॅटरी मात्र त्या काळीं अवघी सहा व्होल्टची. एप्रिल १९२८ मध्यें डेट्रॉइटच्या पोलिसांनीं आपल्या गाड्यांना बिनतारीनें हुकूम धाडण्याचा क्रम सुरू केला; परंतु तो संवाद एकतर्फी होता. गाडींतील शिपायाला ऐकूं येई, उत्तर देतां येत नसे. उत्तर देणारी गाडी १९३३ सालीं न्यू जर्सींतील बेयॉन या गांवीं रस्त्यावर आली. मधल्या पांच वर्षांचें एक मोठें कारण भूक हेंच होतें. ऐकणाऱ्या यंत्राचा आहार थोडा, बोलणाऱ्याचा दांडगा.

ही भूक भागविण्याच्या ज्या युक्त्या निघाल्या, त्या आज पाहतां कौतुक वाटतें. 'व्हायब्रेटर' नांवाच्या बोटभर डबींत पोलादाची एक पातळ पट्टी सेकंदास शंभराहून अधिक वेळां थरथरे. त्या थरथरण्यानें बॅटरीचा सलग प्रवाह तुटक होई, आणि मग ट्रान्सफॉर्मरला त्याचा दाब वाढवितां येई. याहून मोठ्या गरजेसाठीं 'डायनामोटर' असे. एकाच कण्यावर मोटर आणि जनित्र, म्हणजे एकानें खावें आणि दुसऱ्यानें दूध द्यावें असा प्रकार! पट्टीचीं टोंकें ठिणग्यांनीं जळत, डायनामोटरचे कार्बनचे ब्रश झिजत. पण ही व्हायब्रेटरची डबी व्हॉल्व्हप्रमाणेंच खोबणींत बसविलेली असल्यामुळें बिघडलेली काढून नवी घालण्यास मिनिटभर पुरे होई. पुढें झिजणारच, हें गृहीत धरून तिची रचना केलेली होती. या एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष विशेषेंकरून वेधतों.

याच सुमारास, २५ सप्टेंबर १९२८ रोजीं, शिकागोंत गॅल्विन बंधूंनीं एक छोटा कारखाना काढला. दिवाळें निघालेल्या एका व्यवसायाची सामग्री लिलावांत ७५० डॉलरांना घेऊन त्यांनीं जो पहिला माल विकला, तो रेडिओ नव्हता. घरांतला रेडिओ बॅटरीऐवजीं दिव्याच्या विजेवर चालविणारी पेटी होती. १९३० सालीं त्यांनीं मोटारींतील रेडिओ काढून त्याला 'मोटोरोला' हें नांव दिलें, आणि १९४७ सालीं कारखान्यानेंही तेंच धारण केलें. जुन्या रिपीटरांच्या कितीएक लोखंडी कपाटांवर ज्याची मुद्रा दिसते, त्या घराण्याचा उदय अशा रीतीनें आवाजाच्या नव्हे, चंदीच्या व्यापारांतून झाला.

पुढील पायरीचें श्रेय एका प्राध्यापकास आहे, हें नमूद करतांना आम्हांस थोडा व्यावसायिक अभिमान वाटला, तर वाचक क्षमा करतील. एडविन आर्मस्ट्राँगनें १९३३ सालीं कंपनसंख्येच्या चढउतारांतून आवाज वाहण्याच्या पद्धतीचीं, म्हणजे एफएमचीं, पेटंटें मिळविलीं. कनेक्टिकट विद्यापीठांतील डॅनियल नोबल यांनीं ती पद्धति आपल्या राज्याच्या पोलिसांसाठीं वापरून १९४० सालीं दुतर्फा संभाषणाची राज्यव्यापी योजना उभी केली. इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर नाहींशी झाली. त्याच वर्षीं नोबल गॅल्विनांच्या कारखान्यांत गेले, आणि युद्धकाळांत सैनिकांच्या पाठीवरच्या 'वॉकी-टॉकी'ची घडण त्यांच्या देखरेखीखालीं झाली. १९५८ सालीं आलेल्या 'मोट्रॅक' यंत्रांत ग्राहक व वीजपुरवठा हे दोन्ही भाग ट्रान्झिस्टरवर चालूं लागले. इंजिन बंद ठेवूनही गाडींतून बोलतां येऊं लागलें. थरथरणारी पट्टी इतिहासजमा झाली.

त्यानंतर घडलें तें मोठें मनोरंजक आहे. लहरींना गिऱ्हाईक वाढलें, जागा तेवढीच राहिली. तेव्हां सरकारनें व्यावसायिक यंत्रांना कमी रुंदीच्या पट्टीत बसण्याचा आदेश दिला. जुनीं, रुंद पट्टींचीं यंत्रें कायद्यानें निरुपयोगी ठरलीं आणि भंगाराच्या भावानें हौशी बिनतारीवाल्यांच्या हातीं आलीं. टॅक्सींतून आणि पोलीसगाड्यांतून उतरविलेल्या या म्हाताऱ्या घोड्यांना त्यांनीं डोंगरमाथ्यांवर नेऊन रिपीटर बनविलें. ही चळवळ इतकी पसरली कीं, १९७२ सालीं अमेरिकन सरकारला हौशी रिपीटरांसाठीं स्वतंत्र नियम करावे लागले. १ जानेवारी २०१३ पासून पट्ट्यांची रुंदी आणखी निम्म्यावर आली, आणि सत्तरीच्या दशकांतल्या दणकट यंत्रांच्या वांट्याला तीच गति आली. एकाचें भंगार तें दुसऱ्याचें भांडवल, हा अर्थशास्त्राचा नियम येथें दोनदां प्रत्ययास आला.

मात्र हें भांडवल सेवा केल्यावांचून फळ देत नाहीं. वर्षानुवर्षें पडून असलेल्या यंत्राला एकदम पूर्ण वीज देणें म्हणजे दीर्घ उपोषण केलेल्या माणसाला पुरणपोळीचें जेवण वाढणें होय. त्यांतील रासायनिक कंडेन्सरांच्या आंत धातूवर जो अतिसूक्ष्म थर असतो, तो विजेवांचून झडतो. अशा स्थितींत भरपूर दाब दिला तर कंडेन्सर फुटतो. म्हणून जाणता कारागीर वाटेंत एक साधा विजेचा दिवा जोडतो. आंत कोठें बिघाड असेल तर दिवा भगभगीत पेटतो आणि यंत्र वांचतें. मग तो हळूहळू दाब वाढवितो, आणि इतक्यानेंही जे कंडेन्सर सुधारत नाहींत, ते बदलून टाकतो. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरांत प्राणघातक साठा उरतो. तो रिता केल्याशिवाय आंत हात घालावयाचा नाहीं, हा या धंद्याचा पहिला पाठ.

दुसरा पाठ असा कीं, जुन्याच्या जागीं नवें घालतांना जुन्याचा स्वभाव ओळखावा लागतो. सेलेनियमचे रेक्टिफायर जळाले कीं विषारी दुर्गंधि सुटते. त्यांच्या जागीं सिलिकॉनचे बसविणें सोपें आहे. परंतु सिलिकॉन वाटेंत विजेचा दाब फारसा खात नाहीं. त्यामुळें पुढच्या भागांवर दाब वाढतो आणि ते जळतात. म्हणून बरोबर एक रोधक घालावा लागतो. कांहीं जुन्या तेलकट कंडेन्सरांत ज्या रसायनाचें उत्पादन अमेरिकेनें १९७९ सालीं विषारी म्हणून बंद केलें तें असूं शकतें. ते उघडावयाचे नसतात. डोंगरावरील कित्येक यंत्रांचा ट्रान्सफॉर्मर घरची वीज कमीजास्त झाली तरी आपला दाब स्थिर राखतो. पण त्याचा मेळ सेकंदास ६० आवर्तनांशीं जमविलेला असतो. आपल्याकडील वीज ५० आवर्तनांची. येथें तोच ट्रान्सफॉर्मर जोडला तर हिशेब चुकतो. आणि प्रत्येक लहरीसाठीं मापानें कापलेला गारेचा स्फटिक लागे, तो कापून देणारे कारखाने एकामागून एक मिटत आले. ओक्लाहोमा सिटींतला एक नामांकित कारखाना २०१७ सालीं बंद पडला.

दुरुस्त झालेल्या घोड्याला चंदी किती लागते? शंभर वॅटनें बोलणारें जुनें यंत्र १३.८ व्होल्टवर सुमारें वीस अँपिअर ओढतें. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करूं नये, असा दंडक आहे. म्हणजे सतत बोलणें चाललें तर अडीच तासांत तोंड मिटलें. पण तेंच यंत्र पंचवीस वॅटवर आणलें तर दूरच्या ठिकाणीं लहरीची तीव्रता चतुर्थांश होत नाहीं, निम्मीच होते. आणि खर्च बराच उतरतो. उंचीचें काम डोंगर करतो, ओरडण्याची गरज नसते. आपत्तींत मोठ्यानें बोलणाऱ्यापेक्षां अखेरपर्यंत बोलणारा उपयोगी, हें सूत्र माणसांनाही लागू पडावें.

हें केवळ गणित नव्हे. २९ ऑगस्ट २००५ रोजीं कॅटरिना वादळानें न्यू ऑर्लिन्सचा भाग उद्ध्वस्त केला. संदेशवहन कां कोसळलें, याचा शोध घेण्यास नेमलेल्या मंडळानें पुढील वर्षीं जीं प्रमुख कारणें दिलीं, त्यांत महापुराच्या जोडीला वीज व इंधन यांचा दीर्घ अभाव हें एक होतें, आणि यंत्रस्थळापर्यंत सुरक्षितपणें पोंचतां न येणें हें दुसरें. वाऱ्यानें न पाडलेले मनोरेही जनित्रांतलें तेल संपतांच मुके झाले! सप्टेंबर २०१७ मध्यें मारिया वादळानंतर पोर्तो रिकोंत शेंकडा ९५ हून अधिक मोबाईल-मनोरे बंद पडले, आणि बेटाबाहेरच्या नातलगांपर्यंत खुशालीचे निरोप पोंचविण्यास बॅटरीवर बसलेले हौशी बिनतारीवाले धांवून आले. निरोप कोणत्या पद्धतीनें गेला यापेक्षां, त्या रात्रीं बॅटरींत कांहीं शिल्लक होतें काय, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून होतें.

यावर कोणी म्हणेल कीं, नवीं यंत्रें हलकीं व काटकसरी असतांना हीं जुनीं धुडें सांभाळण्याचा अट्टाहास कां? आक्षेप खरा आहे. जुना ट्रान्सफॉर्मर नुसता उभा राहूनही तापतो, गुणगुणतो आणि वीज खातो. प्रत्येक जुनी पेटी वांचवावी, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्या पेटीबरोबर जी दृष्टि होती ती हरवूं नये. यंत्रासोबत त्याचा संपूर्ण नकाशा छापून देणें, झिजणारा भाग खोबणींत बसविणें आणि दूरच्या डोंगरावरील अनोळखी कारागिराच्या बुद्धीवर विश्वास टाकणें, ही त्या काळाच्या कारखानदारांची रीत होती. सीलबंद, न उघडणारी पेटी विकत घेणारा समाज सोयीचा धनी होतो खरा. पण आपल्याच वस्तूंच्या पोटांत काय आहे, हें विसरत जातो, आणि संकट आलें म्हणजे त्याला दुरुस्ती येत नाहीं, फक्त वाट पाहतां येते.

डोंगरमाथ्यावरच्या एका पत्र्याच्या खोलींत कोणी तरी दर सहा महिन्यांनीं चढून जातो, बॅटरीचे खिळे घांसतो, दाब मोजतो, वहींत आंकडा लिहितो आणि उतरतो. इतिहासांत त्याचें नांव येण्याचा संभव नाहीं. परंतु पुढच्या वादळांत आईचा निरोप लेंकराला पोंचला, तर त्या निरोपाचा घोडा त्याच्याच हातच्या चंदीवर धांवलेला असेल.