ऑनलाइन खरेदी: 'शोधणारे' आणि 'चाळणारे' ग्राहक यांच्यात फरक काय?

कुणी शॉपिंग अ‍ॅप उघडून थेट '५ लिटर कुकर' टाइप करतं, तर कुणी कुर्ते, कानातले बघत नुसतं स्क्रोल करतं. शोधणाऱ्यांना गरज आधीच माहीत असते. ते किंमत आणि रिव्ह्यू ताडून बघतात. चाळणाऱ्यांना मात्र वस्तू बघता बघता गरज सुचते. त्यांच्यासाठी अ‍ॅप आधीची खरेदी आणि क्लिक पाहून वस्तू मांडतं.

सर्चमध्येही वरच्या काही वस्तू पैसे देऊन आलेल्या असू शकतात. 'स्पॉन्सर्ड' हा बारीक शब्द तपासा. कोणती वस्तू वर का दिसते, याचे मुख्य निकष सांगणं भारतात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मार्केटप्लेसना बंधनकारक आहे. 'फक्त २ शिल्लक' अशी खोटी घाई २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 'डार्क पॅटर्न' ठरते.

स्क्रोल करताना काही आवडलं? विशलिस्टमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तीच वस्तू सर्च करून भाव बघा, मगच पैसे भरा.