तळटीप : इंदिरा नगरच्या गॅसबिलातील ‘एस.सी.एम.’

* लखनौच्या इंदिरा नगरातील या बिलावर छापलेला ‘एस.सी.एम.’ म्हणजे १५ अंश सेल्सिअस तापमान व एक वातावरण दाब धरून मोजलेला एक घनमीटर वायू. अट लागते, कारण वायू तापला की फुगतो. दाब तोच असेल, तर १५ अंशांवरचा घनमीटर ४० अंशांत साडेआठ टक्क्यांहून अधिक जागा व्यापतो, उष्णता मात्र तेवढीच देतो. म्हणून मुख्य वाहिनीवरचा व्यवहार उष्णतेच्या मापाने होतो. घरचा मीटर केवळ घनफळ मोजतो. वाहिनीत शिरणाऱ्या वायूच्या शुद्धतेच्या मर्यादा पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या २००८च्या नियमांत आहेत : हायड्रोजन सल्फाइड वजनाने दशलक्षात ५ भागांपर्यंत, पाण्याचा दवबिंदू शून्य अंशांपर्यंत. दवबिंदूची अट मला सर्वांत मोलाची वाटते. ओलावा आणि सल्फाइड एकत्र आले की पोलाद आतून खाल्ले जाते, वरून काहीच दिसत नाही. हजीरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनीत वसईच्या समुद्रातला वायू सोडायचा, तर हजीऱ्यालाच त्यातले गंधक काढावे लागे. स्वयंपाकघरात येणारा उग्र वास त्या गंधकाचा नव्हे; गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. — संपा.