चांद्याच्या महाकालीची कुळकथा

गोंदिया शहराला लागूनच फुलचूर. इथून चांद्याला जायचं तर गोंदियाहून बल्लारशाहची गाडी धरायची. सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल अशी स्टेशनं घेत ती चांदाफोर्टला येते. पूर्वी ही छोटी लाईन होती. चांद्याचं नाव १९६४ साली चंद्रपूर झालं, पण स्टेशन अजून चांदाफोर्टच आहे आणि जुन्या माणसांच्या तोंडीही चांदाच. देवीसुद्धा ‘चांद्याची महाकाली’.

चैत्रात या देवीची यात्रा भरते. पौर्णिमेला गर्दी मावत नाही. गंमत अशी की यातली मोठी गर्दी विदर्भाची नसतेच. ती येते नांदेडकडून, मराठवाड्यातून आणि पलीकडच्या तेलंगणातून. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, कपाळभर हळदकुंकू. झरपट नदीत आंघोळ करायची, तिथेच तीन दगडांची चूल मांडायची आणि मग रांगेत लागायचं. देवळात दोन मूर्ती आहेत. एक उभी, लाल-पिवळ्या वस्त्रांत गुंडाळलेली. दुसरी जमिनीखाली, निजलेली. तिच्या दर्शनाला भुयारातून जावं लागतं. पुढच्याच्या पाठीला आपलं कपाळ लागेल एवढं वाकून आत शिरायचं, दोन्ही हातांनी भिंत चाचपायची. बाहेर पडेपर्यंत अंगाला घाम आणि कपाळाला शेंदूर.

या रांगेत उभ्या असलेल्या बाईला विचारा, देऊळ कुणी बांधलं? ती म्हणेल, आईचं आहे, आधीपासूनच आहे. आणि ते अगदीच खोटं नाही. देवीचं ठाणं जुनंच. चांदा वसवणारा गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याच्या काळाशी परंपरा ते जोडते. अंगावरच्या खांडकांनी हैराण झालेल्या या राजाला झरपटच्या पाण्याने गुण आला आणि त्याच जागी शहर उभं करायचं त्याच्या राणीने सुचवलं, अशी कथा आहे. तिचं नाव हिरातनी. नावसाधर्म्यामुळे पुष्कळांचा इथे घोळ होतो. आजचं मोठं देऊळ बांधणारी राणी दोनेकशे वर्षांनंतरची. तिचं नाव हिराई.

हिराई ही राजा बीरशाहची राणी. बीरशाहाचं देवगडच्या दुर्गपालाशी, आपल्या जावयाशी, वैर जडलं ते लेकीपायी. सासरी तिचा अपमान झाला म्हणून बाप चालून गेला, आणि जिंकल्यावर दुर्गपालाचं शिर महाकालीपुढे ठेवलं, असं सांगतात. देवळाच्या शिखरावरचं देवगडच्या दिशेला तोंड केलेलं दगडी मुंडकं त्याचंच, अशीही दंतकथा आहे. ती खरी असो नसो, त्या काळच्या चांद्याचा ताठा तिच्यात दिसतो.

पुढे बीरशाहाचा त्याच्याच पदरी असलेल्या हिरामण नावाच्या रजपुताने खून केला. अठरावं शतक नुकतंच उजाडलं होतं. मागे मुलगा नव्हता. हिराईने चंदनखेड्याच्या गोविंदशाहाचा मुलगा रामशाह दत्तक घेतला. तो लहान, म्हणून तो हाताशी येईपर्यंत कारभार तिने स्वतः पाहिला. १७१९च्या सुमारास गादी त्याच्या हाती गेली.

या मधल्या वर्षांत तिने बांधकामं काढली. नवऱ्याची समाधी, महाकालीचं देऊळ, एकवीरेचं देऊळ. अचलेश्वर दरवाज्याजवळच्या गोंड राजांच्या समाध्यांत बीरशाहाची घुमटाची समाधी सगळ्यांत मोठी. आता या समाधीवरून ‘बाईने नवऱ्यासाठी बांधलेला ताजमहाल’ म्हणून हिराईचं कौतुक करायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. एक तर आग्र्याच्या गजाने चांदा मोजायचा कशाला? दुसरं म्हणजे समाधी घरची, राजघराण्याची. देऊळ मात्र बाहेरच्यांसाठी. राणीच्या दानधर्माचा हिशोब मांडायचा तर तो महाकालीपाशी मांडावा. खजिना तिच्या हाती होता, गादीवर पोर होतं, शेजारी टपलेले होते. तरी तिने पैसा ओतला तो कुणीही येऊन डोकं टेकावं अशा जागेत.

रामशाहाला तिने कसं वाढवलं याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो. नागपूरकर रघूजी भोसले चांद्यावर नजर ठेवून आले ते त्याच्याच कारकिर्दीत. पण समोरचा राजा इतका सात्त्विक, की लढायचं सोडून त्यांनी त्याला देवासारखं मानलं, असं जुन्या वृत्तांतांत आहे. त्याच्या मुलाला, नीळकंठशाहाला, हे साधलं नाही. १७५१ साली चांद्याचं गोंड राज्य भोसल्यांनी खालसा केलं. शंभरेक वर्षांनी भोसल्यांचं इंग्रजांनी केलं.

राज्यं गेली, यात्रा चालूच राहिली. गोंड राणीच्या देवळात मराठवाड्यातल्या शेतमजूर बाया दरवर्षी मुक्काम करतात. त्यांच्यातल्या कितीजणींना हिराई ठाऊक असेल? शाळेच्या पुस्तकातून अहिल्याबाई सगळ्यांना कळते, ते योग्यच आहे. पण गोंदिया-भंडारा-चांद्याच्या पोरांना हिराई कळू नये, याचं नवल वाटतं. गोंदिया हे नाव गोंडांवरून की गोंदावरून, म्हणजे डिंकावरून, यावर पारावर तासभर वाद घालणारी आपण माणसं.

तेव्हा या चैत्रात जमलं तर चांदाफोर्टचं तिकीट काढा. गर्दी सोसत नसेल तर मंगळवार टाळा. आणि दर्शन झाल्यावर तसेच परतू नका, अचलेश्वर दरवाज्याकडे वळा. बीरशाहाची समाधी तिथेच आहे.