१८५७चं काडतूस बंदुकीत कसं भरायचे आणि त्याला चरबी का लागायची?

‘गायीची आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसं दातांनी तोडावी लागत, म्हणून शिपाई भडकले.’ १८५७च्या उठावाबद्दल शाळेत शिकलेलं हे एक वाक्य बहुतेकांच्या लक्षात राहतं. पण काडतूस म्हटलं की आज डोळ्यांसमोर येते ती पितळेची नळी. तिला दात कशासाठी लावायचे? आणि धातूच्या वस्तूला चरबी हवीच कशाला?

पहिली गोष्ट म्हणजे ते काडतूस पितळेचं नव्हतं. ती कागदाची पुडी होती. एका बाराला पुरेल एवढी दारू आणि शिशाची एक गोळी त्या पुडीत बांधलेली असे. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी वेगवेगळी भरायची, तर रणांगणात मोजमाप करत बसावं लागतं. पुडीमुळे तो वेळ वाचायचा. एवढ्यासाठी चरबीची गरज नव्हती. ती लागली रायफलमुळे, आणि त्याहून जास्त काळ्या दारूमुळे.

काळी दारू मागे काय ठेवते?

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. ब्रिटिश लष्करात हे प्रमाण ७५ : १५ : १० असं असे. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू जळून जवळपास सगळीच वायू होते. काळ्या दारूचं तसं नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन स्वरूपात उरतो. त्यातला काही पांढऱ्या धुरातून बाहेर जातो आणि बाकीचा कीट बनून नळीच्या आतून चिकटतो. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका अजूनही आहेत. बार काढल्यावर अशी बंदूक धुताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ते काळं पाणी आणि सडक्या अंड्यासारखा वास आठवेल. हे कीट हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोरड्या उन्हात कडक होऊन बसतं.

जुन्या गुळगुळीत नळीच्या मस्केटला याचा फारसा त्रास नव्हता. तिची गोळी नळीपेक्षा बरीच लहान असे, त्यामुळे कीट साचलं तरी ती आत घरंगळत जायची. अर्थात, अशा सैल गोळीने शंभर यार्डांपलीकडच्या एका माणसाला नेमकं टिपणं हा बराचसा नशिबाचा भाग होता.

रायफलच्या नळीत आतून मळसूत्री चर असतात. गोळी त्या चरांत घट्ट बसली तरच ती फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. पण घट्ट गोळी नळीच्या तोंडातून खाली ठासायची म्हणजे मोठं जिकिरीचं काम. यावर १८४९मध्ये फ्रान्सच्या क्लोद-एतिएन मिनिए या अधिकाऱ्याची लांबट, बुडाशी पोकळ असलेली गोळी आली. ती सैलसर आत जायची आणि बार उडताच तिचं बूड फुगून चरांत रुतायचं. हीच कल्पना घेऊन इंग्लंडमध्ये १८५३ची एनफिल्ड रायफल तयार झाली.

आता आकडे बघा. एनफिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि गोळीचा ०.५६८ इंच. म्हणजे फरक पाव मिलिमीटरहूनही कमी, आणि त्यातच गोळीभोवतीचा कागद बसवायचा. एवढ्याशा फटीत कीट साचलं की काही बारांनंतर गोळी आत जाणारच नाही. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला चरबी. ती गोळीला सरकवायची, कीट मऊ ठेवायची आणि प्रत्येक नवी गोळी आधीच्या बाराचा कीट पुसत खाली जायची. चरबीशिवाय ही रायफल थोड्याच वेळात निरुपयोगी झाली असती.

भरायची रीत

शिपाई उजव्या हाताने कमरेच्या कातडी पेटीतून काडतूस काढी. डाव्या हातात बंदूक असल्यामुळे पुडीचं पिळलेलं टोक तो दातांनी फाडी. सुमारे ४.४ ग्रॅम दारू नळीत ओतली की पुडी उलटी करायची. पुडी बांधतानाच गोळीचं टोक दारूकडे आणि बूड बाहेरच्या बाजूला ठेवलेलं असे, त्यामुळे उलटी केली की गोळी बुडाकडून नळीच्या तोंडात बसे. मग वर उरलेला कागद फाडून टाकायचा आणि सुमारे ३४ ग्रॅमची ती गोळी गजाने दारूवर टेकेपर्यंत खाली ढकलायची. मधे पोकळी राहू द्यायची नाही. शेवटी घोडा मागे ओढून खालच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी.

यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. दातांनी तोडायचं ते दारूकडचं टोक. चरबी असायची ती दुसऱ्या, गोळीकडच्या टोकाला. कागदावर पाहिलं तर चरबी तोंडात जायची नाही. पण काडतुसं दहा-दहाच्या पुडक्यांत बांधलेली असत आणि उत्तर हिंदुस्थानातल्या उन्हाळ्यात चरबी एका टोकाला थांबत नाही. शिवाय ज्याला ती वस्तू निषिद्ध आहे, त्याच्यासाठी ती बोटांना लागली काय आणि ओठांना लागली काय, विटाळ चुकत नाही.

ती चरबी कुणाची होती?

मूळ मिश्रण जनावराच्या चरबीचं, थोडं मेण घातलेलं. जनावर कोणतं, हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. कंत्राटदार पुरवील ती चरबी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये वापरली गेली. हा धोका आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता असंही नाही. हवामानाच्या चाचणीसाठी अशी काडतुसं १८५३मध्ये हिंदुस्थानात आली, तेव्हाच बंगाल सैन्यातल्या कर्नल टकर यांनी लिहून कळवलं होतं की चरबी आक्षेपार्ह नसल्याची खात्री झाल्याशिवाय ती शिपायांना देऊ नयेत. त्या पत्राचा काही उपयोग झाला नाही.

जानेवारी १८५७मध्ये डमडमला एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातून पाणी मागितलं. शिपायाने नकार दिला, तेव्हा खलाशाने त्याला काडतुसांच्या चरबीवरून टोमणा मारला, अशी हकिकत वरिष्ठांपर्यंत गेली. आपल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही शिपायांकडून ऐकलेली काडतुसांची गोष्ट येते. बातमी किती लांब आणि किती लवकर पोचली, हे त्यावरून कळतं.

सरकार हललं नाही असं मात्र नाही. जानेवारी संपण्यापूर्वीच बिनचरबीची काडतुसं देऊन शिपायांनी बाजारातून तेल-मेण आणून लावावं, असा हुकूम निघाला. पुढे दातांऐवजी बोटांनी टोक फाडण्याची कवायतही ठरली. यंत्राच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. पण तोवर संशय चरबीवरून कागदावर गेला होता. कागद चकचकीत दिसतो, म्हणजे त्यातच चरबी असणार! २६ फेब्रुवारीला बऱ्हाणपूरच्या नव्हे, बंगालमधल्या बहरामपूरच्या १९व्या पलटणीने जी काडतुसं नाकारली ती जुन्या मस्केटची, बिनचरबीची होती. २४ एप्रिलला मेरठच्या तिसऱ्या घोडदळातल्या ९० स्वारांपुढे जुनीच काडतुसं ठेवली होती. बोटांनी फाडायची नवी पद्धत त्यांना दाखवायची होती. ८५ जणांनी हात लावायला नकार दिला. ९ मे रोजी सगळ्या फौजेसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटलं.

नंतर काय झालं?

उठावानंतर कंपनीचं राज्य गेलं आणि हिंदी शिपायांच्या हातात एनफिल्डसारखीच दिसणारी, पण गुळगुळीत नळीची १८५८ची बंदूक आली. रायफल गोऱ्या पलटणींकडे राहिली. गोळीचा व्यासही पुढे ०.५५ इंचापर्यंत कमी केला गेला, कारण उन्हात वंगण वितळून जाऊन गोळी अडकते हा अनुभव गोऱ्या सैनिकांनाही आला होता. जनावराच्या चरबीची जागा मधमाश्यांच्या मेणाने घेतली.

काडतूस पुढे धातूचं झालं तरी दारू काळीच होती, त्यामुळे वंगणही सुटलं नाही. १८७१च्या मार्टिनी-हेन्री रायफलच्या काडतुसात ८५ ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची गोळी यांच्या मधोमध मेणाची एक चकती बसवलेली असे. ती चकती नळकांड्याच्या आत बंद असल्यामुळे शिपायाच्या बोटांना किंवा दातांना तिचा स्पर्शही होत नसे.