गुळवेल : वैद्यकीय संशोधन

गुळवेल (संस्कृत : गुडूची, अमृता; शास्त्रीय नाव : टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) ही मेनिस्पर्मेसी कुलातील एक औषधी वेल आहे. हृदयाकृती पाने, मांसल खोड आणि फांद्यांवरून खाली लोंबणारी दोऱ्यासारखी हवाई मुळे ही तिची ओळख होय. कोकणात कुंपणांवर व झाडांवर ती सर्रास आढळते. कडुलिंबावर चढलेली गुळवेल विशेष गुणकारी मानण्याची परंपरा आहे. ज्वर, कावीळ आणि संधिविकार यांवर आयुर्वेदात तिचा वापर होतो. महाराष्ट्रातील आधुनिक संशोधनातून तिची उपयुक्तता व संभाव्य अपाय या दोन्ही बाजू पुढे आल्या आहेत.

केईएम रुग्णालयातील अभ्यास

मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्याला संलग्न असलेल्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा प्रतिकारशक्तीवरील परिणाम अभ्यासला. पित्तमार्ग अडल्याने होणाऱ्या काविळीत शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गामुळे रुग्ण दगावण्याचा धोका मोठा असतो. डॉ. निर्मला रेगे, डॉ. रवी बापट व डॉ. डहाणूकर यांनी अशा ३० रुग्णांवर केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात निम्म्या रुग्णांना रक्तातील जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली; सोबत गुळवेल दिलेल्या गटात ती कोणातही आढळली नाहीत. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण अनुक्रमे ४० व ९२.४ टक्के होते. रुग्णसंख्या लहान असल्याने या निष्कर्षांना मर्यादा आहेत.

संधिवातावरील चाचणी

पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या ४४० रुग्णांवर २४ आठवड्यांची चाचणी केली. सुंठ, गुळवेल, आवळा यांसह गुग्गुळ व शल्लकी असलेल्या औषधांची तुलना ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी करण्यात आली. कोणास कोणते औषध दिले आहे, हे रुग्ण व तपासणारे डॉक्टर यांना ठाऊक नव्हते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वेदना व हालचाल यांतील सुधारणा सर्व गटांत जवळपास सारखी होती. मात्र प्रामुख्याने आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी हे यकृताशी संबंधित विकर लक्षणांविना वाढलेले आढळले.

यकृतबाधेचा वाद

कोविड-१९ च्या साथीत प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी गुळवेलीचा काढा व गोळ्या घरोघरी घेतल्या जाऊ लागल्या. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांना सहा रुग्णांत यकृतबाधा आढळली. त्यांचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर हल्ला करते, तशा स्वरूपाचा हा आजार गुळवेलीमुळे उद्भवतो किंवा आधीपासून सुप्त असलेला उघड होतो, असे मत त्यांनी मांडले. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली.

केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांना आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती, याची खातरजमा संशोधकांनी केली नाही आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या साधर्म्य असलेल्या जातीची गल्लत झाली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. योग्य प्रमाणात घेतलेली गुळवेल सुरक्षित असल्याचेही मंत्रालयाने स्पष्ट केले. रुग्णनोंदींतून संशय व्यक्त करता येतो. कार्यकारणसंबंध सिद्ध करण्यासाठी वनस्पतीची ओळख, मात्रा व तुलनागट यांची आवश्यकता असते.

ओळखीतील फरक

गुळवेलीचे खोड हिरवट असून त्यावर गाठी नसतात, फुलात सहा पाकळ्या असतात आणि फळ गोल व लाल असते. क्रिस्पाचे खोड करड्या रंगाचे व गाठीयुक्त असून त्यातून दुधाळ चीक येतो. तिच्या फुलात तीन पाकळ्या असतात आणि फळ लांबट व नारिंगी असते. वेल रानातून वा कुंपणावरून तोडून थेट वापरली जाते, तेथे हा फरक महत्त्वाचा ठरतो. यकृताचा किंवा स्वप्रतिकारजन्य विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना तिचे सेवन टाळणे इष्ट मानले जाते.