सर्पिल बांधणीचा रॉड : कड्यांची मांडणी

सर्पिल बांधणी : मासेमारीच्या रॉडवर तंगूस ओवून नेणाऱ्या कड्या (गाइड) बसवण्याची एक पद्धत. हिच्यात मुठीजवळची पहिली कडी रॉडच्या माथ्यावर असते. पुढच्या एकदोन कड्या क्रमाने एका बाजूला वळत जातात आणि तिथून शेंड्यापर्यंतच्या सर्व कड्या रॉडच्या पोटाखाली येतात. मुठीच्या वर बसणारे आडव्या फिरकीचे रीळ, म्हणजे बेटकास्टिंग किंवा मल्टिप्लायर, ज्या रॉडवर लावायचे त्यासाठीच ही बांधणी करतात. रीळ मुठीखाली लटकते अशा स्पिनिंग रॉडच्या कड्या मुळातच खाली असल्याने तिथे हिची गरज पडत नाही.

कारण : मासा ओढू लागला की रॉड खाली वाकतो आणि ताणलेली तंगूस प्रत्येक कडीला खाली दाबते. कडी माथ्यावर असेल तर ही स्थिती अस्थिर असते. ओढ जरा बाजूला झाली की कडी खालच्या बाजूला जाऊ पाहते आणि तिच्यासोबत रॉडला पीळ बसतो. कडीचा मध्य रॉडच्या अक्षापासून १.५ सेंमी. दूर असेल आणि तंगूस तिला २ किलो जोराने आडवी दाबत असेल, तर त्या जागी ३ किलो-सेंमी. इतका पीळ पडतो. अशी ओढ वारंवार बसली की कडीच्या पायावरच्या लेपाला तडे जातात आणि मूठ हातात फिरू पाहते. कडी पोटाखाली असेल तर तंगूस तिला आहे तिथेच धरून ठेवते.

दुसरा फायदा तंगुशीच्या मार्गाचा आहे. वाकलेल्या रॉडवर दोन कड्यांमधली तंगूस सरळ रेषेत जाते आणि ही रेषा कमानीच्या आतल्या अंगाला झुकते. कड्या माथ्यावर असल्या तर ती रॉडला घासते, म्हणून कड्यांची संख्या वाढवावी लागते. कड्या पोटाखाली असल्या तर तीच रेषा रॉडपासून दूर जाते. त्यामुळे कमी कड्यांत काम भागते आणि शेंडा हलका राहतो.

रॉडच्या नळीची एक बाजू इतरांपेक्षा ताठ असते. ती बाजू शोधून कड्या तिच्या रेषेत बसवल्या की पीळ थांबतो, असा जुना समज आहे. प्रत्यक्षात पीळ ठरतो तो तंगूस अक्षाच्या वर आहे की खाली यावर. नळी कोणत्याही अंगाने धरली, तरी माथ्यावरच्या कड्या ओढीखाली फिरू पाहतातच.

वळणाचे प्रकार : दोन पद्धती प्रचलित आहेत. ‘रॉबर्ट्स’ पद्धतीत कड्या ०°, ६०°, १२०° आणि १८०° अशा टप्प्यांनी वळतात. साध्या सर्पिलात माथ्यावरच्या पहिल्या कडीनंतर साधारण ९०° वर एकच ‘बंपर’ कडी असते आणि तिच्यापुढची कडी थेट १८०° वर येते. बंपरचे काम तंगुशीला नळीपासून जेमतेम दूर ठेवणे एवढेच. म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या कडीतून दोरा ताणून, तो नळीला टेकतो तिथे ही कडी बसवतात. वळणावरच्या कड्यांवर थोडा पीळ राहतोच. पण हा भाग मुठीकडे, नळी जाड आणि ताठ असते तिथे येतो. तिथे रॉड फारसा वाकत नाही, त्यामुळे दाबही कमी पडतो. वळण शेंड्याच्या बारीक भागात नेले तर बांधणीचा हेतूच फसतो.

वळण डावीकडे घ्यायचे की उजवीकडे, हे वापरणाऱ्याच्या सोयीवर ठरते. तंगूस समान गुंडाळणारी यंत्रणा रिळात नसेल, तर तंगूस रिळावर वळणाच्या बाजूला साचू लागते. अशा वेळी पहिली कडी ०° वर न ठेवता विरुद्ध बाजूला किंचित कलती ठेवतात.

मांडणीची रीत : प्रथम रिळाच्या बैठकीपासून शेंड्यापर्यंत माथ्यावर एक आणि पोटावर एक अशा दोन सरळ रेषा आखतात. शेंड्याची कडी पोटाच्या रेषेवर, उष्णतेने सुटेल अशा गोंदाने चिकटवतात. पहिली कडी सामान्यतः रिळापासून ५० ते ६० सेंमी. वर येते. शेंड्याजवळची कडी टोकापासून सुमारे १० सेंमी. अंतरावर असते आणि तिथून मुठीकडे येताना अंतरे क्रमाने वाढत जातात. कड्यांची संख्या रॉडच्या फुटांतल्या लांबीपेक्षा एकने जास्त, हा ढोबळ अंदाज आहे. सर्पिलात ती बहुधा कमी करता येते.

अंश मोजण्यासाठी कागदाची पट्टी पुरते. पट्टी नळीभोवती गुंडाळून घेराची खूण करायची आणि तिचे सहा समान भाग पाडायचे. एक भाग म्हणजे ६०°. नळीचा व्यास १२ मिमी. असेल तर घेर सुमारे ३७.७ मिमी. आणि ६०° ची खूण माथ्याच्या रेषेपासून ६.३ मिमी. वर येते. नळी निमुळती असल्याने प्रत्येक कडीच्या जागी घेर नव्याने घ्यावा लागतो.

यानंतरची कसोटी ताणाची. कड्या रबरी नळीच्या बारीक चकत्यांनी किंवा चिकटपट्टीने तात्पुरत्या अडकवतात, मूठ घट्ट बांधतात आणि कड्यांतून ओवलेल्या तंगुशीला वजन लावून रॉड वाकवतात. दोन कड्यांमध्ये तंगूस कमानीपासून फार दूर जात असेल, किंवा एखाद्या कडीवर एकदम जास्त मोडत असेल, तर कड्या सरकवून मोड सर्वांवर सारखी वाटतात. वळणाच्या भागात तंगूस नळीला टेकत नाही ना, हेही याच वेळी पाहतात. पुस्तकी अंतरे इथे सुरुवातीपुरतीच कामाची. कडीची खरी जागा वाकलेला रॉड दाखवतो. शेवटी मोकळ्या मैदानात वजन फेकून पाहतात. मग कडीचे पाय नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळून त्यावर दोन भागांचे इपॉक्सी लावतात आणि लेप ओघळू नये म्हणून तो घट्ट होईपर्यंत रॉड सावकाश फिरवत ठेवतात.

जालना जिल्ह्यातील संदर्भ : १९८१ मध्ये स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्यावर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे बंधारे आहेत. दुधना नदीवर बदनापूर तालुक्यात सोमठाण्याचा ऊर्ध्व दुधना प्रकल्प आहे. रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम, चिलापी हे गोदावरी खोऱ्यातल्या अशा पाण्यांतले ओळखीचे मासे. व्यावसायिक मासेमारी मुख्यतः जाळ्यांनी होते, आणि तलावांचे ठेके मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असल्याने ठेक्याच्या पाण्यात गळ टाकण्यापूर्वी संस्थेची परवानगी घ्यावी लागते.

पारंपरिक गळाच्या बांबूच्या काठीला रीळही नसते आणि कड्याही नसतात. तंगूस थेट शेंड्याला बांधलेली असते आणि खाली लोंबते, त्यामुळे या काठीला तंगुशीचा पीळ जवळजवळ बसतच नाही. तिची मर्यादा वेगळी : मासा काठी आणि तंगूस यांच्या लांबीपलीकडे पळू लागला की सोडायला जास्तीची तंगूस नसते. बंधाऱ्याच्या काठावरून दूर फेकून मोठा कटला खेळवायचा तर रीळ लागते. रीळ मुठीवरचे असेल तर कड्या कुठे बसवायच्या, हा प्रश्न तिथून सुरू होतो. तंगूस पोटाखालून शेंड्याला नेणारी सर्पिल बांधणी बांबूच्या काठीतले तेच स्थैर्य रिळाच्या रॉडला मिळवून देते.