कंबरदुखीवर पेनकिलर खरंच किती उपयोगी? संशोधन काय सांगतं?

जुलै महिन्यात रायगडच्या किनारपट्टीवर भाताची लावणी जोरात असते. अलिबाग-पेणच्या खारेपाटापासून मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्यापर्यंत माणसं सकाळपासून चिखलात वाकून रोपं लावत असतात. बंदरांवर मासळीच्या आणि बर्फाच्या जड पाट्या उचलणाऱ्यांना, नारळ-सुपारीच्या वाडीत राबणाऱ्यांना तर असा ठरावीक हंगामही नसतो. कंबर धरली की उपाय ठरलेला असतो. गावातल्या मेडिकलमधून एखादी 'दुखण्याची गोळी' आणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागायचं.

ही गोळी बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची असते. ही सगळी एकाच कुळातली सूज कमी करणारी वेदनाशामकं आहेत. त्यांना 'एनएसएआयडी' म्हणतात. गेल्या काही वर्षांत या औषधांवर बरंच संशोधन झालं आणि त्यातल्या एका अभ्यासामुळे 'पेनकिलर घेतल्याने कंबरदुखी कायमची होते' असा दावा सोशल मीडियावर फिरू लागला. त्यात तथ्य किती?

गोळी नेमकं काय करते?

शरीराला इजा झाली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यामुळे सूज येते आणि नसा जास्त संवेदनशील होतात. ही रसायनं तयार होण्याची प्रक्रियाच या गोळ्या रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. त्या कामासाठी १९८२ चं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं.

अडचण अशी की हीच रसायनं जठराच्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करतात आणि किडनीचा रक्तपुरवठाही टिकवून ठेवतात. गोळीला फक्त कंबर कळत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते. त्यामुळे 'सुई घेतली की पोटाला त्रास नाही' हा समजही चुकीचा आहे. इंजेक्शनचं औषधही रक्तातूनच फिरतं. सोबत दिली जाणारी 'पोटाची गोळी' जठराला सांभाळते, किडनीला नाही.

फायदा किती होतो?

फायदा होतो, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीवरच्या ३२ चाचण्या तपासल्या. त्यात पाच हजारांहून अधिक रुग्ण होते. औषधाचा अंश नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो घेणाऱ्यांच्या तुलनेत खरी गोळी घेणाऱ्यांची वेदना १०० पैकी सुमारे ७ गुणांनी जास्त कमी झाली. फरक आहे, पण छोटा. जुनाट कंबरदुखीतही आकडा साधारण एवढाच निघाला होता.

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पाठ आणि मानेच्या दुखण्यावरच्या ३५ चाचण्यांचा हिशेब मांडला. सहा जणांना ही औषधं दिली, तर त्यातल्या एकालाच प्लासिबोपेक्षा जाणवण्याइतका जास्त आराम मिळतो, असं त्यात दिसलं. पोटाच्या तक्रारींचा धोका मात्र अडीच पट झाला होता.

मग 'मला तर गोळीने बरं वाटतं' असं इतके जण का म्हणतात? कारण नव्याने धरलेली कंबर बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआपच सुटते. श्रेय मात्र शेवटी घेतलेल्या गोळीला मिळतं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात पॅरासिटामॉलची मोठी चाचणी झाली. गोळी नियमित घेणारे सरासरी १७ दिवसांत बरे झाले, लागेल तेव्हाच घेणारेही १७ दिवसांत आणि प्लासिबो घेणारे १६ दिवसांत! २०२३ मध्ये अफूवर्गीय तीव्र वेदनाशामकांची चाचणी झाली, तीही प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणजे इतर गोळ्यांच्या तुलनेत एनएसएआयडी त्यातल्या त्यात बरी, इतकंच.

'कायमची होते' हा दावा कुठून आला?

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या सहकाऱ्यांसोबत २०२२ मध्ये 'सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी नव्याने कंबरदुखी सुरू झालेल्या ९८ जणांच्या रक्ताची तपासणी करून तीन महिने पाठपुरावा केला. ज्यांचं दुखणं पूर्ण थांबलं, त्यांच्या रक्तात सुरुवातीला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जोरात काम करताना दिसल्या. ज्यांचं दुखणं रेंगाळलं, त्यांच्यात ही हालचाल जवळपास नव्हती. थोडक्यात, सुरुवातीची सूज बरं होण्याच्या प्रक्रियेचाच भाग असू शकते.

पुढे उंदरांना डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं, तेव्हा सुरुवातीला वेदना कमी झाली, पण नंतर ती जास्त काळ टिकली. ब्रिटनच्या 'यूके बायोबँक' या आरोग्य-नोंदींच्या साठ्यातही एनएसएआयडी घेणाऱ्यांमध्ये कंबरदुखी रेंगाळण्याचं प्रमाण जास्त आढळलं. पॅरासिटामॉल घेणाऱ्यांमध्ये असा संबंध दिसला नाही.

हे महत्त्वाचं आहे, पण हा शेवटचा शब्द नाही. बायोबँकेतून फक्त संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. ज्याची कंबर जास्त दुखते तोच जास्त गोळ्या घेणार आणि त्याचंच दुखणं रेंगाळण्याची शक्यताही जास्त. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला लागू होतो का, हे माणसांवरच्या नियंत्रित चाचण्यांतूनच कळेल. त्यामुळे घरातल्या गोळ्या फेकून द्या, असा या संशोधनाचा अर्थ नाही. रोजच्या सवयीने गोळी घेणाऱ्यांनी मात्र दोनदा विचार करावा.

गिधाडांचा काय संबंध?

किडनीवरचा परिणाम समजून घ्यायला रायगडकरांना लांब जावं लागत नाही. म्हसळा तालुक्यात चिरगाव आहे. तिथे आणि श्रीवर्धनच्या परिसरात गिधाडांच्या संवर्धनाचं काम 'सीस्केप' ही संस्था अनेक वर्षं करते आहे. ही वेळ आली ती प्रामुख्याने याच डायक्लोफेनॅकमुळे. गुरांना हे औषध टोचलं जायचं. ते जनावर मेल्यावर त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडांच्या किडन्या निकामी व्हायच्या. हे कारण २००४ मध्ये 'नेचर' नियतकालिकातल्या संशोधनातून पुढे आलं. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातली संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली होती.

भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली गेली. २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवरही बंदी आली.

माणूस म्हणजे गिधाड नव्हे. आपलं शरीर हे औषध काही तासांत बाहेर टाकतं, त्यामुळे निरोगी माणसाने दोन-चार गोळ्या घेतल्या तर सहसा किडनी जात नाही. धोका वाढतो तो परिस्थितीमुळे. दिवसभर घाम गाळून पाणी कमी प्यायलेलं असेल, वय साठीपुढे असेल, मधुमेह असेल, बीपीच्या काही गोळ्या किंवा लघवी वाढवणारं औषध चालू असेल, तर किडनीला रक्त पुरवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचाच आधार असतो. गोळी नेमका तोच काढून घेते. शेतावर आडोसा नसतो म्हणून अनेक बायका पाणी पिणंच टाळतात. हे कंबरदुखीच्या चर्चेत सहसा येत नाही, पण यायला हवं.

मग घ्यायची कशी?

कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, जेवणानंतर आणि एका वेळी एकच औषध. नावं वेगळी असली तरी आतलं औषध एकाच कुळातलं असू शकतं. व्होवेरानमध्ये डायक्लोफेनॅक असतं, कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. दोन्ही एकाच दिवशी घेणं म्हणजे दोन एनएसएआयडी पोटात. अल्सर, हृदयविकार, किडनीचा आजार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नकोच. डायक्लोफेनॅक 'शेड्युल एच'मध्ये आहे, म्हणजे नियमाने ते चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. प्रत्यक्षात काय होतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही जुनाट कंबरदुखीसाठी एनएसएआयडीला जागा आहे, पण त्याबरोबर व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगण्यावर भर आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ७०१ जण होते. चालण्याचा कार्यक्रम पाळणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला सरासरी २०८ दिवस लागले, इतरांची ११२ दिवसांत धरली. नव्या दुखण्यात गरम शेकानेही थोडा आराम मिळतो. अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा झेपेल तेवढी हालचाल बरी.

पाय लुळा पडणं, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पडल्यानंतर सुरू झालेलं तीव्र दुखणं किंवा विनाकारण घटणारं वजन, यातलं काहीही असेल तर गोळीवर न थांबता रुग्णालयात जावं. पावसाळ्यात कोकणात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे ताप. चिखलात काम केल्यानंतरच्या दिवसांत कंबर आणि पोटऱ्या दुखू लागल्या, ताप आला, डोळे लाल झाले, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. या आजारात किडनीलाच इजा होते, त्यात पेनकिलरची भर पडते. डेंग्यू असेल तर याच गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासोबत कंबर दुखत असेल तर आधी रक्ततपासणी करावी आणि लावणीचं काम केलंय, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.